हँडहेल्ड कन्सोलसाठी मेमरी कार्ड घेताना नेमके काय पाहावे?

५ जून २०२५ रोजी निन्टेन्डोचा ‘स्विच २’ हा हातात धरून खेळायचा कन्सोल बाजारात आला आणि पहिल्या चार दिवसांत त्याचे ३५ लाखांहून अधिक नग विकले गेले. त्यापाठोपाठ घरोघरी एक पेच उभा राहिला. जुन्या स्विचमध्ये वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेले मेमरी कार्ड नव्या कन्सोलमध्ये आकाराने अगदी बरोबर बसते, पण त्यावर गेम मात्र उतरवता येत नाही. कार्ड बिघडलेले नसते आणि कन्सोलही ठीक असतो. बदललेले असते ते त्या दोघांना जोडणारे मानक, आणि ते खोक्यावर ठळकपणे सांगितलेले असले तरी त्याचा अर्थ सर्वसामान्य ग्राहकाला ठाऊक नसतो.

आपल्याकडे हा गोंधळ अधिक होतो, कारण निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील आयात मालाच्या दुकानांतून, ऑनलाइन विक्रेत्यांकडून किंवा दुबई-अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून तो आपल्यापर्यंत पोहोचतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम डेक’ या हँडहेल्ड कन्सोलचीही तीच गोष्ट आहे. त्यामुळे कन्सोलसोबत कोणते कार्ड घ्यावे हे सांगायला कंपनीचा माणूस समोर नसतो, आणि ग्राहक कार्डाच्या पाकिटावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला वेगाचा आकडा पाहून खरेदी करतो. माझ्या मते त्या आकड्याला बहुतेक वेळा काडीचेही महत्त्व नसते. कार्ड निवडण्याची सुरुवात कार्डापासून न करता कन्सोलच्या स्लॉटपासून करावी. बाकीचे प्रश्न त्यानंतर आपोआप सोपे होत जातात.

नखाएवढ्या कार्डात असते काय?

मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असते. त्यात दोन महत्त्वाचे घटक असतात. एक म्हणजे फ्लॅश मेमरी, जिच्या सूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युतभार अडकवून माहिती साठवली जाते आणि वीज बंद झाली तरी ती टिकून राहते. दुसरा म्हणजे कंट्रोलर, म्हणजे कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवली याचा हिशोब राखणारी आणि कन्सोलशी संवाद साधणारी छोटी चिप. कार्ड चांगले की वाईट हे या दोन्ही घटकांवर अवलंबून असते. आणि पुढे आपण पाहणार आहोत ती बनावट कार्डांची फसवणूकही याच कंट्रोलरला खोटे बोलायला लावून केली जाते.

कार्डाच्या मागच्या बाजूला सोनेरी रंगाच्या धातूच्या पट्ट्या दिसतात. साध्या कार्डावर त्यांची एकच रांग असते. अधिक वेगवान प्रकारच्या कार्डांवर तिच्या खाली आणखी एक रांग असते. पाकिटावरील जाहिरात बाजूला ठेवून कार्ड पालथे करून पाहिले, तर एवढ्या एका खुणेवरूनही बरेच काही कळते.

अंगावरची अक्षरे कशी वाचावीत?

कार्डाच्या दर्शनी बाजूवर इतकी चिन्हे दाटीवाटीने छापलेली असतात की ती वाचायचा कंटाळा येतो. पण त्यांचे तीन गट पाडले की कोडे सुटते.

पहिला गट क्षमतेचा आहे. ‘एचसी’ असे लिहिलेले कार्ड ३२ जीबीपर्यंतचे असते आणि ‘एक्ससी’ असे लिहिलेले ३२ जीबीच्या वर २ टीबीपर्यंतचे. आज आपण कन्सोलसाठी घेतो ती जवळपास सर्वच कार्डे एक्ससी असतात. जुन्या ‘थ्रीडीएस’सारख्या कन्सोलमध्ये मात्र निन्टेन्डोने अधिकृतपणे ३२ जीबीपर्यंतचीच कार्डे सांगितलेली आहेत, हे तो कन्सोल अजून जपून वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरा गट जोडणीचा, म्हणजे कार्ड आणि कन्सोल यांच्यातील मार्गाचा आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्डावर रोमन आकड्यातील एक दिसला तर ते ‘यूएचएस-१’ कार्ड होय, ज्याच्या मार्गाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. रोमन दोन दिसला तर ते ‘यूएचएस-२’ आणि त्याची मर्यादा सेकंदाला ३१२ एमबी. ‘एक्सप्रेस’ किंवा त्याचे ‘ईएक्स’ हे संक्षिप्त रूप दिसले तर ते २०१९ साली आलेल्या मायक्रोएसडी एक्सप्रेस या मानकाचे कार्ड असते. त्यात संगणकातल्या एसएसडीसाठी, म्हणजे वेगवान साठवणीसाठी, वापरली जाणारी जोडणीच या छोट्या कार्डात आणलेली आहे आणि तिची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला ९८५ एमबीपर्यंत जाते.

तिसरा गट वेगाच्या हमीचा आहे: वर्तुळातील १०, इंग्रजी ‘यू’ अक्षरातील १ किंवा ३, ‘व्ही३०’ वगैरे. ही चिन्हे कार्डावर सलग लिहिण्याचा किमान वेग सांगतात. उदाहरणार्थ, यू३ आणि व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी. ही हमी मुख्यतः व्हिडिओ चित्रीकरण करणाऱ्यांसाठी आहे, कारण कॅमेऱ्यातून अखंड येणारी माहिती लिहिताना कार्ड मागे पडले तर चित्रण तुटते. कन्सोल कार्डावर लिहितो तो प्रामुख्याने गेम डाउनलोड होताना, आणि तेव्हा घरच्या इंटरनेटचा वेगच बहुधा कार्डाच्या वेगापेक्षा कमी असतो. ५० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटचे, कनेक्शन सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी आणते, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे व्ही६० किंवा व्ही९० अशा चिन्हांसाठी जादा पैसे मोजणे गेमिंगपुरते तरी निरर्थक आहे.

मग २०० एमबीचे कार्ड अधिक चांगले नाही का?

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी शंका आहे. पाकिटावर ‘सेकंदाला २०० एमबीपर्यंत’ असे लिहिलेले कार्ड १०० एमबीच्या कार्डापेक्षा दुप्पट वेगाने गेम उघडेल, अशी ग्राहकाची स्वाभाविक समजूत होते. प्रत्यक्षात पहिला स्विच आणि स्टीम डेक या दोघांचेही स्लॉट यूएचएस-१ प्रकारचे आहेत. त्या मार्गाने सेकंदाला १०४ एमबीपेक्षा जास्त माहिती जाऊच शकत नाही, मग कार्डात कितीही दम असो.

यूएचएस-१ची मर्यादा १०४ असताना त्याच प्रकारच्या कार्डावर २०० कसे छापले जाते, हा प्रश्न रास्त आहे. काही उत्पादकांनी मानकाच्या बाहेर जाऊन माहिती पाठवण्याची आपापली वेगळी पद्धत विकसित केली आहे. ती पद्धत समजणारा कार्ड रीडर संगणकाला जोडला तरच तो मोठा आकडा गाठता येतो. कन्सोलला ती पद्धत समजत नसल्यामुळे कार्ड निमूटपणे मानकाच्या मर्यादेत चालते. पाकिटावर अगदी बारीक अक्षरांत हा खुलासा केलेला असतो, पण खरेदी करताना तो वाचणारे विरळा. पहिल्या स्विचसाठी स्वतः निन्टेन्डोची शिफारस यूएचएस-१ प्रकारच्या आणि सेकंदाला ६० ते ९५ एमबी वाचनवेगाच्या कार्डाची आहे. म्हणजेच नामांकित कंपनीचे मध्यम किमतीचे साधे कार्ड तिथे पुरेसे आहे, आणि वाचलेले पैसे क्षमता वाढवण्यासाठी वापरावेत.

असूसच्या ‘रॉग अ‍ॅली’मध्ये यूएचएस-२ स्लॉट आहे आणि तो कन्सोल भारतात अधिकृतपणे विकला जातो. तिथे यूएचएस-२ कार्डाचा फायदा खरोखर मिळतो, पण ती कार्डे इतकी महाग असतात की तेवढ्या पैशांत आतील एसएसडी बदलून मोठी घेण्याचा विचार आधी करावा, असे मला वाटते. शिवाय २०२३ साली असूसने स्वतःच मान्य केले होते की विशिष्ट परिस्थितीत उष्णता वाढल्यास त्या कन्सोलचा कार्ड रीडर नीट काम करेनासा होऊ शकतो. त्यामुळे त्या मॉडेलमध्ये महागड्या कार्डावर भिस्त ठेवण्याआधी दोनदा विचार करणे योग्य ठरेल.

आणखी एक खाचखळगा इथेच सांगून ठेवतो. यूएचएस-२ आणि एक्सप्रेस या दोन्ही प्रकारच्या कार्डांवर धातूच्या पट्ट्यांची दुसरी रांग असते, पण या दोन रांगांची भाषा वेगळी आहे. यूएचएस-२ कार्ड एक्सप्रेस स्लॉटमध्ये घातले, किंवा एक्सप्रेस कार्ड यूएचएस-२ स्लॉटमध्ये घातले, तर ते दोघांनाही समजणाऱ्या यूएचएस-१च्या वेगावर उतरते. म्हणून रॉग अ‍ॅलीसाठी किंवा स्टीम डेकसाठी ‘सर्वांत नवे तेच सर्वांत चांगले’ असे समजून एक्सप्रेस कार्ड घेणे म्हणजे जास्त पैसे देऊन साधा वेग विकत घेणे होय.

गेम उघडायला वेळ का लागतो?

वेगाबद्दलची दुसरी गफलत थोडी खोल आहे. वाण्याच्या दुकानात कोणी पन्नास किलो तांदळाचे एक पोते मागितले, तर दुकानदाराला एकदाच आत जावे लागते आणि काम काही मिनिटांत होते. पण कोणी महिन्याच्या सामानाची यादी पुढे केली, त्यात शंभर ग्रॅम मोहरी, पाव किलो हरभरा डाळ, दोन वड्या कापूर अशा चाळीस जिनसा असल्या, तर एकूण वजन पोत्याच्या निम्मेही भरत नाही आणि वेळ मात्र कितीतरी जास्त लागतो, कारण प्रत्येक जिन्नस वेगळ्या डब्यातून शोधून काढावा लागतो. पाकिटावर छापलेला वेग हा पोते उचलण्याचा वेग आहे. गेम मात्र बऱ्याचदा यादी घेऊन येतो. एखादे गाव पडद्यावर उभे करायचे, तर घरांच्या भिंती, झाडे, पात्रांचे चेहरे, पावलांचे आवाज अशा असंख्य लहान तुकड्यांची माहिती कार्डाच्या वेगवेगळ्या भागांतून गोळा करावी लागते.

या दुसऱ्या प्रकारच्या कामाची हमी ‘ए१’ आणि ‘ए२’ ही चिन्हे देतात. ए१ कार्डाने सेकंदाला किमान १,५०० विखुरलेल्या वाचनाच्या मागण्या पुऱ्या केल्या पाहिजेत, तर ए२ कार्डाने किमान ४,०००. कागदावर फरक मोठा दिसतो, पण ए२चा पूर्ण लाभ मिळण्यासाठी अनेक मागण्या एकदम रांगेत लावून कार्डाकडे सोपवण्याची सोय यजमान उपकरणाने, म्हणजे कन्सोलने, वापरावी लागते. ती सोय नसेल तर ए२ कार्ड साधारण ए१सारखेच वागते. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसेल तर ए२ घ्यावे. फरक मोठा असेल तर ए१ घेऊन समाधान मानायला हरकत नाही.

स्विच २ला एक्सप्रेस कार्डच का लागते?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा एक संशय असतो: ग्राहकाला नवे कार्ड घ्यायला लावण्यासाठी कंपनीने मुद्दाम जुनी कार्डे बंद केली असावीत. हा संशय निराधार म्हणता येणार नाही, कारण या क्षेत्रात तसे घडलेले आहे. सोनीचा ‘पीएस व्हिटा’ हा कन्सोल डिसेंबर २०११मध्ये जपानमध्ये आला तेव्हा त्यात बाजारातील कोणतेही सामान्य कार्ड चालत नव्हते. सोनीचे खास व्हिटासाठी बनवलेले कार्डच घ्यावे लागे. फेब्रुवारी २०१२मध्ये तो अमेरिकेत विक्रीला आला तेव्हा ३२ जीबीच्या त्या कार्डाची किंमत जवळपास १०० डॉलर होती, आणि त्याच क्षमतेची साधी मायक्रोएसडी कार्डे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळत होती. ग्राहकांचा रोष त्या कन्सोलला शेवटपर्यंत भोवला.

स्विच २चे प्रकरण वेगळे आहे, असे माझे मत आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले, मायक्रोएसडी एक्सप्रेस हे कोणा एका कंपनीचे खासगी कार्ड नसून सर्वांना खुले असलेले मानक आहे. सॅनडिस्क, सॅमसंग, लेक्सार असे अनेक उत्पादक ती कार्डे बनवतात, त्यामुळे स्पर्धेला वाव आहे. दुसरे कारण तांत्रिक आहे. स्विच २मध्ये २५६ जीबीची वेगवान अंतर्गत साठवण आहे आणि नवे गेम त्या वेगाचा हिशोब धरून बांधले जातात. खेळाडू मोकळ्या जगात वेगाने धावत असताना पुढचा परिसर तो पोहोचण्याआधी मेमरीत येऊन पडायला हवा. सेकंदाला १०४ एमबीच्या मार्गाने ते वेळेत झाले नाही, तर दृश्य अडखळते किंवा इमारती डोळ्यांदेखत अर्धवट उमटतात. विक्रीला असलेल्या एक्सप्रेस कार्डांचा घोषित वाचनवेग सेकंदाला ८०० ते ९०० एमबीच्या आसपास आहे. गेम बनवणाऱ्याला किमान वेगाची खात्री असेल तरच तो त्या वेगावर विसंबून जग उभे करू शकतो. काही ग्राहकांकडे मंद कार्डे असतील असे गृहीत धरावे लागले, तर सर्वांसाठीच गेम मंद कार्डाच्या मापाने बेतावा लागेल.

किंमत मात्र खरोखर टोचते. कन्सोल आला तेव्हा अमेरिकेत २५६ जीबीचे एक्सप्रेस कार्ड सुमारे ६० डॉलरला होते, आणि तेवढ्या पैशांत तिथे साधे कार्ड त्याच्या दुपटीहून अधिक क्षमतेचे मिळत होते. जुने मायक्रोएसडी कार्ड स्विच २मध्ये केवळ एका कामाला येते: पहिल्या स्विचवर टिपलेले स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ नव्या कन्सोलमध्ये आणण्यासाठी. त्यावरचे गेम तिथे चालत नाहीत. ते पुन्हा डाउनलोड करावे लागतात.

गेम दुकानातून कार्ट्रिजवर घेतला तर जागा कशाला हवी?

पूर्वी हा युक्तिवाद बिनतोड होता. कार्ट्रिजवर, म्हणजे कन्सोलमध्ये घालायच्या गेमच्या छोट्या वडीवर, पूर्ण गेम असला तर कन्सोलमध्ये केवळ अपडेट आणि नंतर घेतलेले जादा भाग साठतात. पहिल्या स्विचसाठी ३२ जीबीच्या कार्ट्रिज निघाल्या, स्विच २साठी ६४ जीबीच्या निघाल्या. ‘सायबरपंक २०७७’ हा अवाढव्य गेम स्विच २च्या ६४ जीबी कार्ट्रिजवर पूर्णपणे मिळतो.

पण स्विच २सोबत ‘गेम-की कार्ड’ नावाचा नवा प्रकार आला आहे आणि त्याकडे लक्ष द्यायलाच हवे. दिसायला ते कार्ट्रिजसारखेच असते, परंतु त्याच्यावर गेम नसतो, गेम डाउनलोड करण्याची परवानगी असते. ते पहिल्यांदा घातले की इंटरनेटवरून संपूर्ण गेम उतरवून घ्यावा लागतो आणि त्यानंतरही खेळताना ते कन्सोलमध्ये असावेच लागते. खोक्याच्या दर्शनी भागावर खालच्या बाजूला तशी सूचना छापलेली असते. कार्ट्रिजच घ्यायची सवय असलेल्या ग्राहकालाही त्यामुळे आता जागेचा विचार करावा लागतो.

मग नेमकी किती क्षमता घ्यावी?

आधी एक लहानसा हिशोब. १२८ जीबीचे कार्ड घातल्यावर उपकरण ११९ जीबीच दाखवते, २५६चे २३८ आणि ५१२चे ४७७. यात फसवणूक नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि बरीच उपकरणे १,०२४च्या पटीत मोजतात. एवढी घट आधीच धरून चालावे.

पहिल्या स्विचवर प्रामुख्याने कार्ट्रिजने खेळणाऱ्याला १२८ जीबी पुरतात. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम आटोपशीर असतात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’सारखा विस्तीर्ण गेमही १४ जीबीच्या आसपास बसतो. सगळे गेम डिजिटल घेणाऱ्याने २५६ किंवा ५१२ जीबीकडे पाहावे. स्टीम डेकचे गणित पूर्ण वेगळे आहे, कारण त्यावर संगणकाचे गेम चालतात आणि ते अगडबंब असतात. ‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या दोन्ही गेमसाठी स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेम-दुकानात १५० जीबी मोकळी जागा सांगितलेली आहे. तिथे ५१२ जीबीपेक्षा लहान कार्ड घेणे मला योग्य वाटत नाही. फार अवजड नवे गेम आतल्या एसएसडीवर आणि हलके, जुने किंवा द्विमितीय गेम कार्डावर, अशी वाटणी केली तर कार्डाचा मंद वेग सहसा जाणवत नाही.

क्षमता ठरवताना आपले इंटरनेट कसे आहे हा मुद्दा परदेशी मार्गदर्शनात क्वचितच येतो, पण आपल्याकडे तो निर्णायक आहे. ६० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या फायबर कनेक्शनवर उतरवायला साधारण पावणेतीन तास लागतात. त्यामुळे पुण्या-मुंबईत चांगले ब्रॉडबँड असलेल्या घरात कार्ड लहान असले तरी बिघडत नाही. खेळून झालेला गेम काढून टाकावा, पुन्हा हवा झाला तर रात्री डाउनलोडला लावून द्यावा. पण ज्या गावात दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावरच भागवावे लागते, तिथे एकदा उतरवलेला मोठा गेम काढून टाकणे परवडणारे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाइकाच्या घरी जाऊन गेम भरून आणणाऱ्या मुलासाठी मोठे कार्ड ही चैन नाही, गरज आहे. अशा घराने वेगाच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून, कन्सोलला चालणाऱ्या प्रकारात परवडेल तेवढे मोठे कार्ड घ्यावे.

एका मोठ्या कार्डाऐवजी दोन लहान कार्डे घेऊ नयेत का, असे काही जण विचारतात. स्टीम डेकमध्ये हे सहज जमते. स्विचमध्ये मात्र निरनिराळ्या कार्डांवर साठलेले गेम पुढे कधीही एकाच कार्डावर एकत्र जोडता येत नाहीत, आणि एका स्विचसाठी तयार झालेले कार्ड दुसऱ्या स्विचमध्ये गेमसाठी वापरायचे तर ते पुसून नव्याने फॉरमॅट करावे लागते. भावंडांचे दोन स्विच असतील तर कार्डाची अदलाबदल होणार नाही, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. त्याच कन्सोलसाठी लहान कार्डावरून मोठ्या कार्डावर जायचे असेल, तर नवे कार्ड आधी कन्सोलमध्येच फॉरमॅट करावे आणि मग जुन्या कार्डावरील सर्व माहिती संगणकामार्फत त्यावर उतरवावी.

कार्ड अस्सल आहे हे कसे ओळखावे?

या संपूर्ण विषयातील खरे नुकसान इथे होते. वेग थोडा कमी पडला तर गेम उघडायला काही सेकंद जास्त लागतात. कार्ड बनावट निघाले तर पैसे आणि कित्येक तासांचे डाउनलोड दोन्ही पाण्यात जातात.

बनावट कार्डात प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीची मेमरी असू शकते, पण कंट्रोलरमध्ये फेरफार केलेला असल्यामुळे ते कन्सोलला ‘माझी क्षमता ५१२ जीबी आहे’ असेच सांगते. कन्सोलजवळ तपासण्याचा दुसरा मार्ग नसतो, म्हणून तो ते खरे मानतो. पहिले एक-दोन लहान गेम व्यवस्थित चालतात. खरी जागा भरली की त्यापुढील माहिती एकतर आधीच्या माहितीवर लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही, आणि मग एके दिवशी गेम सुरू करताना ‘डेटा खराब झाला आहे’ असा संदेश येतो. तोवर ऑनलाइन खरेदीची परतीची मुदत बहुधा संपलेली असते.

पाकीट, ठसा, बारकोड यांवरून खरे-खोटे ओळखण्याचा सल्ला दिला जातो, पण छपाईची नक्कल आता इतकी सफाईदार होते की त्यावर विसंबू नये. किंमत हा अधिक भरवशाचा इशारा आहे: काही शे रुपयांत १ टीबी देणारे कार्ड खरे असूच शकत नाही, आणि ‘एक्ससी’ असे लिहून २ टीबीपेक्षा जास्त क्षमता सांगणारे कार्ड तर मानकाच्या व्याख्येनेच खोटे ठरते. ऑनलाइन घेताना उत्पादनाच्या एकाच पानावर अनेक विक्रेते असतात, म्हणून पानाबरोबर विक्रेत्याचे नावही वाचावे आणि शक्यतो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. दुकानातून घेतल्यास कार्डाचा उल्लेख असलेले पक्के बिल मागावे.

त्यानंतरची पायरी मात्र कोणीही टाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नवे कार्ड कन्सोलमध्ये घालण्याआधी संगणकावर तपासावे. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एफ३’ हे विनामूल्य प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरेपर्यंत माहिती लिहितात आणि मग ती पुन्हा वाचून जशीच्या तशी आहे का ते पाहतात. २५६ जीबीच्या चांगल्या कार्डाला यूएसबी ३ रीडरवर सुमारे दोन तास लागतात, जुन्या रीडरवर चार-पाच तासही लागू शकतात. लिहिले तेवढे सगळे त्रुटीविना परत वाचता आले, तर क्षमता खरी आहे. तपासणी झाल्यावर कार्ड कन्सोलमध्ये घालून तिथल्या सेटिंगमधूनच फॉरमॅट करावे, कारण प्रत्येक कन्सोलला आपल्या पद्धतीची मांडणी हवी असते. स्टीम डेकने फॉरमॅट केलेले कार्ड तर विंडोज संगणकाला वाचताही येत नाही.

‘मिऊ’ किंवा ‘अ‍ॅनबर्निक’सारख्या कंपन्यांच्या, जुने गेम खेळायच्या छोट्या चिनी कन्सोलांबरोबर येणाऱ्या कार्डांबद्दलही हीच काळजी घ्यावी. ती अनेकदा निनावी कंपनीची आणि हलक्या प्रतीची असतात. त्यांच्यावर भरून दिलेले हजारो गेम बहुतांशी परवान्याविना भरलेले असतात, हेही घेणाऱ्याला माहीत असावे. जुने गेम आकाराने लहान असल्यामुळे तिथे नामांकित कंपनीचे ६४ किंवा १२८ जीबीचे साधे कार्ड भरपूर होते.

कार्ड बिघडले तर खेळातील प्रगती जाईल का?

याचे उत्तर कन्सोलनुसार बदलते. स्विच आणि स्विच २मध्ये सेव्ह, म्हणजे खेळातील प्रगतीची नोंद, कन्सोलच्या अंतर्गत साठवणीतच राहते; ती कार्डावर हलवताही येत नाही. त्यामुळे कार्ड बिघडले तर गेम पुन्हा डाउनलोड करावे लागतील, पण खेळ जिथे सोडला तिथूनच पुढे सुरू होईल. याची दुसरी बाजू अशी की कार्ड म्हणजे सेव्हचा बॅकअप नव्हे. कन्सोलच हरवला किंवा बिघडला तर त्यासाठी निन्टेन्डोच्या सशुल्क ऑनलाइन सेवेतील क्लाउड बॅकअप लागतो, आणि तोही प्रत्येक गेमला मिळत नाही.

थ्रीडीएसमध्ये मात्र डाउनलोड केलेल्या गेमचे सेव्ह एसडी कार्डावरच असतात, आणि व्हिटाचेही त्याच्या कार्डावर. थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातील नवी विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली. ज्यांच्या कपाटात तो कन्सोल आहे त्यांनी कार्डावरील सर्व माहितीची एक प्रत संगणकावर आजच काढून ठेवावी. त्या कार्डाचे वय बघता हे काम लांबवू नये.

स्वस्त होईपर्यंत थांबावे का?

साध्या यूएचएस-१ कार्डांसाठी थांबण्यात अर्थ नाही. गरज असेल तेव्हा घ्यावे. एक्सप्रेस कार्डांच्या किमती उत्पादन वाढल्यावर उतरतील अशी अपेक्षा होती, पण २०२५च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिपांचेच भाव चढू लागल्याने ‘थांबलो तर नक्की स्वस्त मिळेल’ असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही स्विच २ नुकताच घेतलेल्याने पहिल्याच दिवशी कार्ड घेण्याची घाई करू नये. आतले २५६ जीबी बऱ्याच जणांना काही महिने सहज पुरतात. जागा भरत आली की सेटिंगमधील डेटा व्यवस्थापनात जाऊन कोणता गेम किती जागा व्यापतो ते पाहावे आणि खेळून झालेले गेम ‘आर्काइव्ह’ करावेत. त्याने गेमची फाइल जाते, पण चिन्ह आणि सेव्ह जागेवर राहतात. एवढे करूनही महिन्यातून दोन-तीनदा जागा करावी लागत असेल, तेव्हा ‘एक्सप्रेस’ हा शब्द आणि मागची दुसरी सोनेरी रांग पाहून कार्ड घ्यावे.